वही कोणाच्या हाती?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नव्या वहीची पूजा होते. ही वही मुनीम लिहीत असला तरी राहते ती पेढीच्याच कपाटात; तिऱ्हाइताच्या घरी ती कोणी ठेवत नाही. अलीकडे लहान व्यापाऱ्यांकडे आणखी एक वही आली आहे. संकेतस्थळावर कोण आले, कोणता शब्द शोधत आले, काय पाहून परतले, याची नोंद ती आपोआप करीत असते. ही वही मात्र पुष्कळदा दुकानात नसतेच. संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या ईमेलखाली ती कोठेतरी पडून असते आणि मालकाच्या हाती महिन्याकाठी एक रंगीत आलेख तेवढा येतो.

समजा, सांगलीत हळद आणि मसाल्यांचा व्यापार करणारे एक कुटुंब आहे. वडील गल्ल्यावर बसतात, मुलगा माल रवाना करतो आणि सूनबाई संकेतस्थळ पाहतात. एके दिवशी 'गूगलवर पहिला क्रमांक, हमखास' असे सांगणारा गृहस्थ दारात येतो आणि वर्षभराची रक्कम आगाऊ मागतो. ती रक्कम देण्यापूर्वी एवढे जाणून घ्यावे, की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्वतःच लिहून ठेवले आहे. पैसे मोजून मिळते ती जाहिरातीची जागा. ती वेगळी असते आणि तिच्यावर तसा शिक्काही असतो.

या शोधयंत्राचा पाया लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना घातला. 1998 मध्ये त्याची कंपनी झाली. विद्वान ज्या ग्रंथाचा हवाला अधिक देतात तो ग्रंथ महत्त्वाचा, हाच न्याय त्यांनी संकेतस्थळांना लावला. न्याय चांगला होता. पण हवाले विकत मिळू लागले. मग शोधयंत्रालाही पहारा बसवावा लागला. 2006 मध्ये बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ गूगलने काही काळ यादीतून काढून टाकले, कारण शोधयंत्राला एक पान दाखवून ग्राहकाला दुसरीकडेच नेले जात होते. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर मसाल्याच्या दुकानाची काय कथा! एप्रिल 2012 मध्ये आलेल्या 'पेंग्विन' या बदलाने विकतच्या दुव्यांवर उभी असलेली कित्येक संकेतस्थळे खाली घसरली. विकतच्या अभिप्रायांचीही तीच गोष्ट. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणले, ते याच रोगावर.

शिवाय जवळपासचे दुकान शोधणाऱ्याला काय दाखवायचे हे गूगलच्या सांगण्यानुसार तीन गोष्टींवर ठरते: शोधलेल्या वस्तूशी मेळ, अंतर आणि ख्याती. नाशिकच्या गृहिणीने 'जवळचे मसाल्याचे दुकान' शोधले, तर सांगलीचे दुकान कितीही खर्च करून वर येणार नाही, आणि येऊही नये.

मग या कुटुंबाने करावे तरी काय? प्रथम 'सर्च कन्सोल' उघडावे. त्याला पैसे पडत नाहीत. लोकांनी कोणते शब्द टाकले, दुकानाचे पान किती वेळा समोर आले आणि कितींनी ते उघडले, हे तेथे दिसते. संकेतस्थळावर जागोजागी 'उत्कृष्ट दर्जाची शुद्ध हळद' असे लिहिलेले असावे आणि ग्राहक मात्र 'राजापुरी हळद एक किलो भाव' असे शोधत असावेत, हे चित्र नवलाचे नाही. गल्ल्यावरच्या वडिलांना विचारले असते तर त्यांनी हे एका वाक्यात सांगितले असते. गिऱ्हाईक 'उत्कृष्ट' मागत नाही. राजापुरी मागते, सेलम मागते, लोणच्यासाठी मागते. तेच शब्द पानावर आले, भाव आणि घरपोच खर्च स्पष्ट लिहिला, की कामाचा मोठा भाग झाला.

दुसरी वही 'अ‍ॅनालिटिक्स'ची. ती वाचताना जरा जपून वाचावे लागते. एकच ग्राहक सकाळी आणि संध्याकाळी आला तर भेटी दोन होतात. मोबाइलवर पाहून नंतर संगणकावर मागणी नोंदवली तर माणसेही दोन मोजली जाऊ शकतात. मुलगा दिवसातून दहा वेळा आपलेच पान उघडून पाहत असेल, तर तोही 'वाढत्या प्रतिसादा'त जमा होतो. नात्यातल्या कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवला आणि त्यावरून वीस जण आले, तरी वही त्यांना बहुधा 'थेट आलेले' म्हणून लिहिते. मालकाला वाटते, नाव सर्वतोमुखी झाले! दुव्याच्या शेवटी ओळखीची खूण जोडून पाठवला, तर हा घोळ टळतो.

आलेख पाहून वडील विचारतील, "सूनबाई, यातले गिऱ्हाईक किती?" हा प्रश्न जुनाट नव्हे, खरा प्रश्न तोच आहे. फोन किती आले, दुकानाचा रस्ता कितींनी विचारला, मागण्या किती नोंदल्या गेल्या, हे आकडे मागावेत. हजार भेटींतून मागणी एकही नसेल, तर ती केवळ वर्दळ.

राहिला प्रश्न कपाटाचा. ही सारी खाती कुटुंबाच्या स्वतःच्या ईमेलवर उघडलेली असावीत आणि काम करणाऱ्याला त्यात फक्त प्रवेश दिलेला असावा. उलट व्यवस्था असेल, तर व्यवहार बिनसल्याच्या दिवशी वर्षानुवर्षांची कीर्द दुसऱ्याच्या घरी राहते. गूगलने जुन्या अ‍ॅनालिटिक्समधील नोंदी 1 जुलै 2023 पासून थांबवल्या आणि पुढच्या वर्षी जुने आकडे पाहण्याची सोयही बंद केली. ज्यांनी ते वेळीच उतरवून घेतले त्यांच्याकडेच ते राहिले. नव्या पद्धतीत एकूण बेरजा टिकतात. परंतु ग्राहकागणिक तपशील मुळात दोनच महिने ठेवला जातो. सेटिंगमध्ये तो 14 महिन्यांपर्यंत वाढवता येतो, मात्र पुसला गेलेला तपशील त्यामुळे परत येत नाही. यंदाच्या दिवाळीची मागणी पुढच्या दिवाळीशी बारकाईने ताडून पाहायची असेल, तर हा बदल यंदाच्या वहीपूजनापूर्वीच करून ठेवावा लागतो.