रांगेबाहेरचे थांबणे

माझा नातू नऊ वर्षांचा आहे आणि तो स्वमग्न आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही त्याला मुंबईजवळच्या एका करमणूक उद्यानात नेले. रांगेत वीस मिनिटे त्याने तग धरला. मग लोखंडी कठड्यांची नागमोडी वाट, कर्ण्यावरची गाणी आणि मागून लागणारे धक्के त्याला असह्य झाले. कान घट्ट दाबून तो जमिनीवर बसला आणि ओरडू लागला. "पोराला जरा वळण लावा," मागचे गृहस्थ म्हणाले. पुढे सोडता का, असे रखवालदाराला विचारले, तर त्याने नातवाच्या पायांकडे पाहिले. "चालतोय की व्यवस्थित!"

त्याला मी दोष देत नाही. अपंगत्व म्हणजे कुबडी, हे आपण सगळ्यांनीच त्याला शिकवले आहे.

अमेरिकेतल्या डिस्नेच्या उद्यानांत हा वाद बरीच वर्षे चालू आहे. पूर्वी अपंगांना एक कार्ड मिळे. ते दाखवले की बहुतेक ठिकाणी चटकन आत जाता येई. २०१३ साली बातम्या आल्या, की न्यूयॉर्कमधली काही धनिक कुटुंबे अपंग व्यक्तीला तासाच्या बोलीने सोबत नेऊन रांगा चुकवतात. (माणसाची अक्कल कुठे चालेल, सांगता येत नाही!) त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पद्धत बदलली. रांग तासाभराची असेल, तर साधारण तासाभरानंतरची वेळ मिळू लागली. तोवर मुलाने सावलीत बसावे, काही खावे. थांबणे चुकत नाही, कठड्यातले उभे राहणे चुकते. मला हे रास्त वाटते. 'यांना का पुढे?' या प्रश्नालाही त्यात उत्तर आहे.

काही पालकांना मात्र ते पुरेसे वाटले नाही आणि ते न्यायालयात गेले. एका आईचे म्हणणे असे, की तिचा मुलगा ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वाटेनेच फिरू शकतो. 'नंतर या' म्हटले की त्याचा दिवसच मोडतो. २०२० मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. तो चुकला असे म्हणवत नाही, पण त्या आईवर माझा विश्वास आहे. आमच्याकडे पोळीआधी भात वाढला, तर नातू पानावरून उठतो.

२०२४ मध्ये ही सवलत स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरती आवळली गेली. आतड्याच्या विकाराने वारंवार रांग सोडावी लागणाऱ्यांनाही नकार मिळाल्याच्या तक्रारी झाल्या. अर्जदाराने व्हिडिओवर आपली अडचण पटवून द्यायची. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर, फ्लोरिडात, रांग चुकवण्याचा एक महागडा पास निघाला: सुरुवातीला माणशी, दिवसाला १२९ ते ४४९ डॉलर. तो घेणाऱ्याला कोणी काही पटवून द्यावे लागत नाही. मग लबाडीची एवढी धास्ती फक्त आजाऱ्यांपुरतीच का?

आपल्याकडे २०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत स्वमग्नता आहे. पण उद्यानाच्या दारात प्रमाणपत्र दाखवले, तर चाकाची खुर्ची पुढे येते. वेळ लिहिलेली चिठ्ठी द्यायला कसले यंत्र लागते? दवाखान्यात नंबर लावून आपण चहा पिऊन येतोच ना? दारावरच्या माणसाला अर्धा दिवस समजावून सांगावे लागेल, इतकेच.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी शाळेच्या दिवशी, दार उघडताच.