उपवास, उपासमार आणि कर्करोग

कर्करोग झालेल्या माणसाने उपवास केला की रोगाची गाठ उपाशी मरते, असा एक समज अलीकडे शहरांपासून खेड्यांपर्यंत पसरला आहे. साखर सोडा, दूध सोडा, आठवड्यातून दोन दिवस निराहार राहा, असे उपदेश मोबाइलच्या पडद्यावरून रानातल्या गावांपर्यंतही पोचू लागले आहेत. पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजेच प्रोस्टेटच्या, कर्करोगाबाबत हा उपदेश विशेष मोहक ठरतो. हा रोग बहुधा साठीच्या पुढच्या पुरुषांना होतो, पुष्कळदा सावकाश वाढतो आणि रोग्याला त्याच्यासह वर्षानुवर्षे जगायचे असते. औषध डॉक्टरांच्या हाती असते. ताट मात्र आपल्या हाती आहे, असे त्याला वाटते. हे वाटणे कितपत खरे आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत ताट खरोखर कोणाच्या हाती आहे, याचा विचार समाजवादी कार्यकर्त्यांनी करणे अगत्याचे आहे.

उपवासाला या प्रदेशात मोठी प्रतिष्ठा आहे आणि ती अकारण नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूरच्या जनतेने उठाव केला. त्यानंतर लष्कर आणि पोलिसांनी तेथील स्त्रियांवर अत्याचार केले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी उपोषण आरंभले आणि ते त्रेसष्ट दिवस चालविले. पुढे चाळीस वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, पवनारला विनोबांनी आजारपणात अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग केला व १५ नोव्हेंबरला देह ठेवला. पहिले उपोषण अन्यायी सत्तेला जाब विचारण्यासाठी होते. दुसरा एका वृद्ध साधकाने जाणीवपूर्वक घेतलेला निरोप होता. या दोघांपैकी कोणीही उपवासाने रोग बरा होतो असा दावा केला नव्हता. आज उपवासाला जे तिसरे रूप देण्यात येत आहे, ते उपचाराचे. पहिल्या दोन रूपांची पुण्याई या तिसऱ्याच्या खात्यावर जमा करता येणार नाही. त्याची परीक्षा विज्ञानाच्या कसोटीवरच झाली पाहिजे.

या दाव्याच्या मुळाशी काही खऱ्या गोष्टी आहेत. कर्कपेशी ग्लुकोजचा अधिक वापर करतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखविले होते. उपासाच्या काळात पेशी स्वतःतील टाकाऊ भाग पचवितात. या यंत्रणेवरील संशोधनासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ओसुमी यांचे मूळ काम यीस्टच्या पेशींवर होते. त्यातून कर्करोगाचा उपचार निघत नाही. माणूस जेवला नाही तरी यकृत रक्तातील साखर राखतेच, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल स्नायू झिजवून मिळविते. शिवाय प्रोस्टेटचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत ग्लुकोजचा फारसा भुकेला नसतो. त्यामुळेच ग्लुकोजवर आधारलेली पेट तपासणी या रोगात तोकडी पडते आणि पीएसएमए नावाच्या प्रथिनाचा माग काढणारी वेगळी तपासणी वापरावी लागते. साखर तोडून ही गाठ उपाशी मारण्याची कल्पना या रोगाला तर मुळीच लागू पडत नाही.

आहाराच्या इतर दाव्यांचीही पद्धतशीर परीक्षा झाली आहे. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व यांच्या गोळ्यांनी हा रोग टळतो काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत २००१ पासून पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांवर चाचणी घेण्यात आली. ती २००८ मध्ये थांबवावी लागली. २०११ मध्ये निष्कर्ष आला तो असा की, ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण सतरा टक्क्यांनी अधिक होते. सौम्य रोग असलेल्या ४७८ पुरुषांना दोन वर्षे भरपूर भाजीपाला खाण्यास प्रवृत्त करणाऱ्या दुसऱ्या एका चाचणीचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या आहाराने रोगाची वाढ मंदावली नाही. विदर्भाच्या ओळखीच्या जवसाचाही अभ्यास झाला आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रोज तीस ग्रॅम जवस घेणाऱ्या पुरुषांच्या गाठीत पेशींच्या वाढीचा वेग कमी आढळला, असे २००८ च्या अभ्यासात नोंदले गेले. पण त्यामुळे आयुष्य वाढते असे त्यातून सिद्ध झालेले नाही. जवसाची चटणी खुशाल खावी, तिला औषध समजू नये. आणि उपवासाने या रोग्यांचे आयुष्य वाढते असे दाखविणारी एकही मोठी चाचणी आजवर झालेली नाही.

मग आहाराला महत्त्व नाही काय? आहे, आणि ते फार मोठे आहे. परंतु उपदेशक सांगतात त्याच्या नेमके उलट दिशेने. अमेरिकेतील चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की, ही गाठ पुरुषी संप्रेरकावर पोसली जाते. या शोधासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पसरलेल्या रोगावर आजही पहिला उपाय म्हणजे हे संप्रेरक बंद करणे. ते शस्त्रक्रियेने वृषण काढून करता येते किंवा ठरावीक मुदतीने इंजेक्शने देऊन. उपाय गुणकारी आहे, पण त्याची किंमत शरीर मोजते. स्नायू रोडावतात, हाडे ठिसूळ होतात, चरबी वाढते, रक्तातील साखर वाढण्याचा धोका असतो आणि हृदयविकाराचीही भीती असते. ज्या उपचाराने स्नायू आणि हाडे आधीच झिजत आहेत, त्याच्या जोडीला निराहार राहणे म्हणजे झीज दुप्पट करणे होय. या रोग्याला हवीत ती प्रथिने, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि झेपेल तेवढे अंगमेहनतीचे काम किंवा व्यायाम.

येथे वर्गाचा प्रश्न उभा राहतो. चंद्रपुरात वीज केंद्र, कोळसा खाणी आणि सिमेंट कारखाने यांतून नियमित पगार व पुढे निवृत्तिवेतन मिळविणारा एक थर आहे. त्यातील रोग्याचे संप्रेरकोपचारात वजन वाढत असेल, तर त्याने तळलेले, गोड आणि मद्य कमी करावे, ताट आवरते घ्यावे, हा सल्ला रास्तच आहे. परंतु तोच सल्ला भामरागडच्या किंवा कोरचीच्या, धानाच्या एका पिकावर, मोहफुलांवर आणि तेंदूपत्त्याच्या हंगामी मजुरीवर वर्ष काढणाऱ्या म्हाताऱ्याला देणे हा क्रूर विनोद आहे. त्याच्या घरी पावसाळ्याच्या अखेरीचे महिने न सांगता उपवासाचे असतात. भरल्या घरात जो संयम ठरतो, तोच रित्या घरात उपासमारीवर पांघरूण घालतो.

हा फरक आकड्यांत मांडता येतो. कर्करोग्याच्या पोषणाबाबत युरोपातील तज्ज्ञांनी ठरविलेले प्रमाण असे की, दर किलो वजनामागे रोज पंचवीस ते तीस कॅलरी, आणि एक ग्रॅमहून अधिक, शक्य तर दीड ग्रॅमपर्यंत, प्रथिने मिळावीत. पन्नास किलोच्या माणसाला याचा अर्थ साडेबाराशे ते दीड हजार कॅलरी आणि पन्नास ते पंच्याहत्तर ग्रॅम प्रथिने. आता शिधापत्रिकेचा हिशेब पाहावा. अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. ते सारे तांदळाच्या रूपाने धरले तर रोजचे सुमारे एकशे सदुसष्ट ग्रॅम. त्यातून जवळपास सहाशे कॅलरी मिळतात आणि प्रथिने मिळतात बारा ग्रॅमच्या आत. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला पस्तीस किलो धान्य मिळते, पण तेही धान्यच. उरलेली तूट डाळ, अंडी, मासे, दूध यांनी भरून काढायची, आणि तीही ज्याची कमावण्याची शक्ती रोगाने हिरावली आहे त्याने. रोज शंभर ग्रॅम डाळ आणि दोन अंडी मिळाली तर चौतीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने वाढतात. म्हणजे महिन्याला तीन किलो डाळ आणि साठ अंडी. एका रोग्याच्या बाबतीत उपचार पेलण्याची ताकद आणि अंथरूण धरणे यांच्यामधले अंतर पुष्कळदा एवढेच असते.

याचा अर्थ श्रद्धेने केलेल्या एकादशीवर तुटून पडावे असा नाही. गावातला वारकरी किंवा गुरुदेव सेवा मंडळाचा जुना सेवक एक दिवस भगर, शेंगदाणे, दूध आणि फळे खाऊन राहिला, तर त्याचे काही बिघडत नाही. परंतु काही मर्यादा स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. केमोथेरपीच्या दिवसांत, वजन घटत असताना किंवा मधुमेहाची औषधे चालू असताना उपवास धरू नये. हाडांच्या रक्षणासाठी झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन घेणाऱ्याच्या शरीरात पुरेसे पाणी असावे लागते; चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात निर्जळी उपास त्याच्या मूत्रपिंडावर बेतू शकतो. आणि कोणत्याही व्रतासाठी इंजेक्शनची तारीख चुकवू नये. ज्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी ही गावे जागविली, त्यांचा मृत्यू १९६८ मध्ये कर्करोगाने झाला, आणि नागपुरात त्यांचे नाव दिले गेले ते कर्करोगाच्या रुग्णालयाला. श्रद्धा आणि उपचार यांत वैर मानण्याचे कारण नाही.

उपाशी पोटाचा आणखी एक प्रश्न आहे आणि तो थेट अर्थकारणाचा आहे. बळावलेल्या रोगावर अॅबिरॅटेरॉन हे औषध देतात. त्याच्या अडीचशे मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रोज उपाशी पोटी घ्याव्यात, असे त्याच्या माहितीपत्रकात सांगितलेले असते. कारण चरबीयुक्त जेवणाबरोबर औषधाचे शोषण दहापटीपर्यंत वाढते. शिकागो विद्यापीठातील डॉक्टरांच्या पुढाकाराने ७२ रोग्यांवर घेतलेल्या चाचणीत, कमी चरबीच्या न्याहारीबरोबर एकच गोळी दिली असता पीएसए या निर्देशकातील घट चार गोळ्यांइतकीच आढळली. २०१८ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चाचणी लहान आहे आणि असा बदल केवळ डॉक्टरांच्या निर्णयानेच व्हावा, हे खरे. पण खर्च एक चतुर्थांशावर येण्याची शक्यता दिसत असताना अशी संशोधने मोठ्या प्रमाणावर घेण्यात औषध विकणाऱ्यांना काय स्वारस्य असणार? ते सार्वजनिक संस्थांचेच काम आहे. २०१९ मध्ये केंद्राने कर्करोगाच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफ्याला तीस टक्क्यांची मर्यादा घातली. शासनाने मनात आणले तर बाजाराला वेसण घालता येते, हे त्यावरून दिसले.

आता राज्याच्या धोरणाकडे वळावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची पूर्वसूरी असलेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. या योजनेने अनेकांच्या शस्त्रक्रिया व औषधोपचार झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिची जेवणाची जबाबदारी रुग्णालयाच्या दारापर्यंतच. घरच्या चुलीशी तिचा संबंध नाही. क्षयरोगाच्या बाबतीत शासनाने वेगळा न्याय लावला आहे. निक्षय पोषण योजनेखाली २०१८ पासून क्षयरोग्याला दरमहा पाचशे रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. झारखंडमधील क्षयरोग्यांच्या कुटुंबांना शिधा देऊन केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरातील इतरांना होणारा क्षयरोग सुमारे चाळीस टक्क्यांनी घटला. कर्करोग संसर्गजन्य नसल्याने हा हिशेब त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि आहार हा उपचाराचाच भाग आहे, हे तत्त्व शासनाने एकदा स्वीकारले आहे. ते एका रोगाला लावायचे आणि दुसऱ्याला नाकारायचे, याला आधार कोणता?

पैसा नाही, ही सबब येथे चालणार नाही. चंद्रपूरच्या कोळशातून आणि गडचिरोलीत एटापल्लीच्या सुरजागड टेकड्यांवरील लोहखनिजातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांकडे निधी येतो, आणि आरोग्य हे त्या निधीच्या अग्रक्रमाचे क्षेत्र आहे. या निधीच्या व टाटा न्यासाच्या सहभागातून चंद्रपूरला कर्करोग रुग्णालय उभारण्यात आले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. सिरोंच्याच्या रोग्याला नागपूर तीनशे किलोमीटरहून दूर पडते. उपचार जवळ आले तर त्याचा प्रवास आणि बुडणारी मजुरी वाचते. परंतु इमारत आणि यंत्रे यांच्यापुढे जाऊन याच निधीतून उपचाराखालील प्रत्येक गरीब कर्करोग्याला महिन्याची डाळ आणि अंडी, अंडी न खाणाऱ्याला दूध आणि शेंगदाणे, रेशन दुकानातून किंवा अंगणवाडीच्या मार्गाने का मिळू नयेत? ग्रामसभांनी तसा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. सामूहिक वनहक्क २००९ मध्ये पदरात पाडून घेणाऱ्या मेंढा-लेखाच्या जिल्ह्याला ग्रामसभेची ताकद नव्याने शिकविण्याची गरज नाही.

तोवर कार्यकर्त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, धार बारीक होणे, कंबरेची हाडे सतत दुखणे, या तक्रारी 'वयाचा दोष' म्हणून सोडून न देता म्हाताऱ्या माणसाला तपासणीला न्यावे. या तक्रारींचे कारण पुष्कळदा साधे असते, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. कर्करोगाने कमाई बुडालेल्या पासष्ट वर्षांखालील निराधाराला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आणि त्यापुढील वृद्धाला श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरून द्यावा. २०२३ पासून मिळणारे महिन्याचे दीड हजार रुपये अपुरे आहेत, आणि वार्षिक एकवीस हजार रुपयांच्या उत्पन्नमर्यादेने दीर्घकाळ असंख्य गरजूंना बाहेर ठेवले आहे. ही मर्यादा हा लढ्याचा स्वतंत्र विषय व्हावा. आणि कोणी उपवासाने कर्करोग बरा करण्याचा बाजार मांडला असेल, तर गावाच्या चावडीवर त्याला पुरावा मागावा.

चिमूरच्या स्त्रियांसाठी प्रा. भन्साळी त्रेसष्ट दिवस अन्नावाचून राहिले, कारण न्याय मिळविण्याचे तेच साधन त्यांना योग्य वाटले. त्याच जिल्ह्यातील आजच्या रोगजर्जर म्हाताऱ्याला न्याय हवा असेल, तर त्याने उपाशी राहून भागणार नाही. त्याला पोटभर आणि सकस जेवण मिळाले पाहिजे, आणि ते मिळवून देण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या निग्रहावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही.