निम्मे पुस्तक

बालवाडीपासून आठवीपर्यंत मुलाने काय शिकावे, याचे तक्ते आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते कितव्या पानापर्यंत शिकते, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. जामखेड तालुक्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. आजीआजोबांपाशी राहणारी मुले सोडली, तर आईबापांबरोबर गेलेल्यांच्या वाट्याला मराठीचे निम्मेच पुस्तक येते.

साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे आली. त्यांचे मोल आहेच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश दिला. मूल त्यामुळे सहावीत पोचते, पुस्तक मागे राहते. २०२३मध्ये दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून पाठ्यपुस्तके चार भागांत निघाली. कोपीवर नेता येईल असा तिसरा भाग अनायासे हाती आला होता. चर्चा मात्र वजनाचीच झाली!

पाठ्यपुस्तकात कोणता लेखक घेतला, कोणता वगळला, यावर आपण साहित्याची माणसे हिरिरीने भांडतो. शेवटच्या पाठांतला लेखक या मुलांपुरता दरवर्षीच वगळलेला असतो. पुस्तकातली सर्वांत चांगली कविता दिवाळीपूर्वी शिकवली जावी, एवढी मागणी तरी संपादक मंडळांकडे आपण करायला हवी.