ब्रिगेडियर उस्मान हे कुणाचे प्रमाणपत्र नव्हे

१७ सप्टेंबर जवळ आला की धाराशिव जिल्ह्यातल्या मुसलमानाला एक शब्द हमखास ऐकावा लागतो: रझाकार. रझाकारांनी जुलूम केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांच्याविरुद्ध लिहिणारे आणि म्हणूनच ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत मारले गेलेले ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्ला खान हेही मुसलमानच होते. भाषणांत हे नाव क्वचितच येते.

मग आमची मंडळी काय करतात? ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांचा फोटो पुढे करतात. ‘बघा, आमच्यातही देशभक्त होते!’ माझा आक्षेप यालाच आहे.

उस्मान मूळचे आजमगडकडचे. फाळणीत त्यांची बलुच रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. ते गेले नाहीत. २५ डिसेंबर १९४७ रोजी जम्मूच्या सरहद्दीवरचे झंगड हातचे गेले. ५० पॅराशूट ब्रिगेडच्या या प्रमुखाने ठरवले, झंगड परत घेईपर्यंत खाटेवर झोपायचे नाही. कडाक्याच्या थंडीत ते जमिनीवर चटई टाकून झोपले. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेऱ्यावरचा मोठा हल्ला त्यांच्या ब्रिगेडने परतवला. १८ मार्चला झंगड परत आले. या ब्रिगेडमध्ये मराठा पलटणही होती. ३ जुलैला झंगडमध्येच तोफेचा गोळा लागून ते शहीद झाले. छत्तिशी पूर्ण व्हायला १२ दिवस उरले होते. मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. कबर दिल्लीत जामियाजवळ आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज नळदुर्गला आली. तिथे हवालदार बचित्तर सिंग लढता लढता शहीद झाले, त्यांना अशोक चक्र मिळाले. निष्ठा सिद्ध करायला कुणी शीख माणूस त्यांचा फोटो खिशात घेऊन फिरतो का? त्याला कुणी विचारतच नाही. मग आपणच न विचारता उत्तर का देत सुटतो?

आणि या प्रमाणपत्राने वाचवले तरी कुणाला? पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांची सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबादचे नाव घेतले. उस्मान यांना दफन करून तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते.

निष्ठेचा पुरावा म्हणून उस्मान यांना उभे करणे म्हणजे पुरावा मागण्याचा हक्क मान्य करणे. तो हक्क कुणालाच नाही. शेतात राबणारा, कर भरणारा, कायदा पाळणारा नागरिक जन्मानेच पुरेसा भारतीय आहे.

उस्मान यांच्याकडून घ्यायचेच असेल तर चटई घ्या. आपली माणसे थंडीत असताना ते खाटेवर झोपले नाहीत. आमच्या पुढाऱ्यांनो, जयंतीला फोटोला हार घालण्याआधी सांगा, तुम्ही कुणासाठी एक रात्र तरी जमिनीवर काढली?