एकाच वस्तूस एकच नाव

निबंधात एकच शब्द पुनःपुन्हा येऊ लागला की आम्ही भाषाशिक्षक त्याखाली तांबडी रेघ ओढतो. 'सूर्य' एकदा लिहिला, आता 'रवी' लिहावा, मग 'भास्कर' यावा, असे आम्ही सांगतो. आणि ते योग्यच आहे, कारण सूर्य कोणता याविषयी वाचकास संशय पडण्याचा संभव नसतो. परंतु हीच सवय घेऊन कोणी संगणकाच्या प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका लिहावयास बसला, तर तो वाचकाचा घात करील, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे वाचकाने ती वस्तू पूर्वी पाहिलेलीच नसते. नाव बदलले की वस्तूही बदलली, असे तो समजतो. आणि त्यात त्याचा काहीच दोष नाही.

'गिट' या साधनाचेच पाहा. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली ते निर्माण केले. प्रोग्रॅम लिहिताना वेळोवेळी झालेले बदल नोंदवून ठेवणे, हे त्याचे काम. बदल कायमचा नोंदविण्यापूर्वी तो एका मधल्या जागी मांडून ठेवावा लागतो. पंगत बसण्यापूर्वी पाने मांडावीत तसा. या मधल्या जागेस प्रारंभी 'कॅश' म्हणत. पुढे 'इंडेक्स' हे नाव आले, आणि नंतर 'स्टेजिंग एरिया' हे तिसरे. गिटच्याच शब्दसूचीने 'कॅश' हा शब्द कालबाह्य ठरविला. पण सूचीत मेलेला शब्द आज्ञांमध्ये जिवंतच राहिला! फरक दाखविणाऱ्या 'डिफ' या आज्ञेस 'कॅश्ड' जोडा वा 'स्टेज्ड' जोडा, अर्थ एकच. इथवर निभावते. परंतु 'अप्लाय' या आज्ञेपाशी 'कॅश्ड' म्हणजे केवळ मधल्या जागेत बदल करणे, आणि 'इंडेक्स' म्हणजे मधल्या जागेत व आपल्या हाताखालच्या फाइलींतही करणे. एकाच वस्तूची दोन नावे येथे दोन निराळ्या कृतींची नावे होऊन बसली. नवशिक्याने हे कसे ओळखावे?

इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी या बाबतीत अधिक दक्षता दाखविली. मार्च १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी एका छोट्या टिपणात 'मस्ट', 'शुड', 'मे' अशा शब्दांचे अर्थ बांधून दिले: पहिला सक्तीचा, दुसरा सबळ कारणावाचून टाळू नये असा, तिसरा ऐच्छिक. तरीही हे शब्द मोठ्या लिपीत असतील तेव्हाच हा अर्थ घ्यावा, असा खुलासा २०१७ मध्ये करावाच लागला. (आपल्या देवनागरीत मोठी व धाकटी अक्षरे नाहीत, आपणांस सारे शब्दांनीच निभवावे लागेल.)

हा विचार मराठीस नवा नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, १९३१ साली, राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश निघाला. शाळेतही 'चाल' आणि 'वेग' यांची अदलाबदल आम्ही खपवून घेत नाही. बाजारात दोन्ही एक असले तरी पदार्थविज्ञानात वेगाला दिशा असते, चालीला नसते.

मग संगणकाच्या बाबतीतच ही ढिलाई का? एके ठिकाणी 'जतन करा', दुसरीकडे 'साठवा', तिसरीकडे 'सेव्ह करा'. इंग्रजी येणारा मनातल्या मनात मूळ शब्द लावून पुढे जातो. जो मुलगा केवळ मराठीच्या बळावर शिकू पाहतो, तोच अडतो. आणि मराठीत हे विषय शिकता येत नाहीत, असा ठपका मात्र भाषेवर येतो. शब्द शुद्ध असावा की रुळलेला, हा वाद आम्हांस दुय्यम वाटतो. 'धारिका' घ्या अथवा 'फाइल' घ्या, पण पहिल्या पानावर घेतलेला शब्द शेवटच्या पानापर्यंत न्या. लेखन रुक्ष होईल, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पुस्तिका उघडणारा रसास्वादासाठी ती उघडत नाही.

वरच्या वर्गातील जे विद्यार्थी संगणकाची टिपणे मराठीत करतात, त्यांस आमची एक सूचना आहे. लिहिण्याआधी वहीच्या शेवटच्या पानावर शब्दांची यादी करावी. प्रत्येक शब्दावर वाद घालावा, हवे तर मत घ्यावे. मात्र एकदा 'फाइल' ठरली की 'धारिका'च्या पक्षाच्या मुलांनीही टिपणात 'फाइल'च लिहावी.