समुद्राचे पाणी गोडे करणारा पडदा

२०२५ च्या आरंभी पावसाने ओढ दिली, मॉरिशसचे जलाशय खाली गेले आणि पाण्यावर निर्बंध आले. अशा वेळी घरोघरी एकच प्रश्न निघतो: चोहीकडे समुद्र असताना पाण्याची टंचाई का? रॉड्रिग्जमध्ये व आपल्या काही हॉटेलांत समुद्राचे पाणी गोडे करतातच. मग साऱ्या बेटासाठी का नको?

या कामाचा आधार म्हणजे पॉलिमरचा एक पातळ पडदा. मोठा दाब दिला की पाणी त्यातून पार होते आणि मिठाचे आयन मागे राहतात. असा उपयोगी पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात लोब आणि मूळचे भारतीय असलेले सौरिराजन यांनी प्रथम बनविला. आजचा पॉलिअमाइडचा थर केसाहून शेकडो पट पातळ असतो.

पाणी त्यात विरघळते व एकेक रेणू पुढे सरकतो, असे अनेक वर्षे मानले जात होते. २०२३ साली येल विद्यापीठाचे एलिमेलेक व त्यांचे सहकारी यांनी या पडद्याची रेणूंपर्यंतची नक्कल संगणकात उभी केली आणि प्रयोगही केले. त्यांच्या मते पाण्याचे रेणू घोळक्याने, क्षणभर जुळणाऱ्या सूक्ष्म फटींतून, दाबाने ढकलले जातात. सर्व तज्ज्ञांना हे अजून मान्य नाही.

यावरून पाणी लवकरच स्वस्त होईल, असे मात्र आम्हांस वाटत नाही. समुद्राच्या पाण्यातून निम्मे पाणी गोडे काढायचे तर दर हजार लिटरमागे सुमारे १ युनिट वीज निसर्गनियमानेच लागते. चांगल्या कारखान्यांत आज सुमारे ३ युनिटे लागतात. पडदा कितीही सुधारला तरी पहिला आकडा खाली येणार नाही. आणि आपली बहुतेक वीज अजून आयात इंधनावरच होते.

खरा लाभ पाण्याच्या शुद्धतेत आहे. बोरॉनचे लहान, विद्युतभार नसलेले रेणू आजच्या पडद्यातून काही प्रमाणात निसटतात. ते वाढल्यास पिकांना अपाय होतो. ते कोठून निसटतात हे संगणकात दिसले, तर पडदा अंदाजाने नव्हे, समजून घडविता येईल.

तोवर गळके नळ दुरुस्त करणे आणि पावसाचे पाणी साठविणे हेच आपले पहिले काम आहे. समुद्राचे पाणी कोरड्या महिन्यांसाठी राखावे, हे आमचे मत.