एकविसावा वेताळ

एखादा वाङ्मयप्रकार साचला आहे की नाही, हे ठरविण्याची एक ढोबळ पण निर्दय कसोटी आहे. त्यातील कृतींवरची प्रकाशनवर्षे झाकून ठेवावीत आणि केवळ मजकुराच्या आधारे त्यांचा कालानुक्रम लावून पाहावा. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांच्या बाबतीत हे थोड्याफार चुकांनिशी साधते. मर्ढेकरांच्या बाबतीत तर 'शिशिरागम' आणि 'काही कविता' यांतले अंतर आंधळ्यालाही जाणवावे. जिवंत लेखनाच्या अंगावर वय दिसते.

भिलाईच्या रुआबांधा वसाहतीतील माझ्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. पोलाद कारखान्यामुळे इकडे आलेल्या अनेक मराठी कुटुंबांप्रमाणे आमच्याही घरात वाचनाचे दोन प्रवाह होते. नागपूरहून येणारा पाहुणा मराठी 'चांदोबा' आणि 'इंद्रजाल कॉमिक्स'चे मराठी अंक आणी. हिंदी अंक दुर्ग स्थानकावर आणि चौकातल्या भाड्याच्या दुकानात मिळत. पेटीतल्या बहुतेक अंकांची मुखपृष्ठे गळून गेली आहेत. गेल्या पावसाळ्यात ते सारे वाळविण्यासाठी पसरले असता वर सांगितलेली कसोटी मी त्यांना लावून पाहिली. 'वेताळा'च्या अंकांचा क्रम मला लागला नाही. नायकाच्या विवाहाचा काय तो एक मैलाचा दगड. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे सारे सपाट मैदान. पुढे नागराज आणि ध्रुव यांचे हिंदी अंक घेतले, तेथेही कागदाच्या प्रतीखेरीज दुसरा आधार सापडला नाही.

ही तक्रार म्हातारपणाची नव्हे. माझे म्हणणे असे आहे की, महानायकांच्या चित्रकथांचा मुख्य प्रवाह सर्जनाच्या दृष्टीने कधीच थांबला असून तो थांबण्याचे कारण चित्रकारांची वा लेखकांची प्रतिभा आटणे हे नाही. नायकाचा मालक आणि नायकाचा निर्माता या दोन वेगळ्या व्यक्ती झाल्या, तेथे हा प्रकार कुंठित झाला. मालकाला नायकाचा मृत्यू परवडत नाही. आणि ज्या कथेला मरण नाही, तिला वयही येत नाही.

वेताळाचेच उदाहरण घेऊ. ली फॉक यांनी १९३६ साली ही मालिका सुरू केली तेव्हा तिच्या गाभ्याशी एक विलक्षण कल्पना होती. जंगलातले लोक वेताळाला अमर समजतात. वाचकाला मात्र ठाऊक असते की तो मरतो, बाप मरतो आणि मुलगा तोच बुरखा चढवितो. चारशे वर्षे चाललेल्या या वारसाहक्कातला तो एकविसावा पुरुष. अमरत्वाची दंतकथा आणि मर्त्यतेचे गुपित एकाच पोशाखात नांदवणारी ही कल्पना कोणत्याही गंभीर कादंबरीकाराने हेवा करावा अशी आहे. परंतु वृत्तपत्रांतल्या मालिकेत १९३६ साली जो एकविसावा होता, तो आजही एकविसावाच आहे. १९७० नंतरच्या दशकात त्याचे लग्न झाले, जुळी मुले झाली. फॉक स्वतः १९९९ साली वारले. बुरखा मात्र मुलाकडे गेला नाही. ज्या पात्राचा सारा अर्थ उत्तराधिकारात होता, त्याला उत्तराधिकारी मिळू नये, हा या व्यवसायाने आपल्याच उत्तम कल्पनेशी केलेला द्रोह आहे.

आमच्या पेटीत आणखी एक वेताळ होता. 'चांदोबा'तला विक्रम राजा दर महिन्याला झाडावरून प्रेत उतरवी, ते खांद्यावर घेई, वेताळ गोष्ट सांगे, राजा उत्तर देई आणि प्रेत पुन्हा झाडावर जाई. यापेक्षा अधिक तोचतोपणा कोणत्या मालिकेत असेल? मूळच्या पंचवीस कथा संपल्यानंतरही ती चौकट दशकानुदशके चालली. तरीही ती शिळी झाली नाही, कारण चौकट ठरलेली असली तरी दर खेपेचा प्रश्न नवा असे. तिघा वरांपैकी कन्या कोणाची, राजासाठी सेवकाने प्राण दिले तर श्रेष्ठ कोण, अशा पेचांवर वाचकाला राजाच्या आधी उत्तर शोधावे लागे, आणि राजाचे उत्तर न पटण्याचे स्वातंत्र्यही त्याला होते. शिवाय मूळ पंचविशीला शेवट आहे: अखेरच्या प्रश्नावर राजा निरुत्तर होतो आणि त्या मौनामुळेच कथा पुढे सरकते. म्हणजे पुनरावृत्ती हा दोष नाही. लोककथा, कीर्तन, लावणी ही सारी पुनरावृत्तीवरच उभी आहेत. प्रश्नाशिवायची पुनरावृत्ती हा दोष आहे. इंद्रजालच्या वेताळाला फार तर समुद्री चाचे आणि तस्कर यांच्याशी झुंजावे लागे; त्याला प्रश्न विचारणारे कोणी नव्हते.

अमेरिकेत या रोगाचे मूळ अधिक स्पष्ट दिसते. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली सुपरमॅनचे सारे हक्क एकशे तीस डॉलरना दिले. त्यानंतर तो नायक ही मालमत्ता झाली आणि मालमत्तेची निगा राखणे हेच लेखकाचे काम उरले. १९९२ साली गाजावाजा करून त्याला मारण्यात आले. अंकांच्या प्रती लोकांनी वेष्टनासकट जपून ठेवल्या, आणि पुढच्याच वर्षी तो परत आला. मृत्यूचा असा उपयोग केल्यावर वाचकाने पुन्हा कोणत्या मृत्यूवर विश्वास ठेवावा? प्रती साठवून भाव वाढण्याची वाट पाहणाऱ्यांचा तो फुगा लवकरच फुटला आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हलसारख्या संस्थेला दिवाळखोरीत जावे लागले. २०११ साली सुपरमॅनच्या प्रकाशकांनी बावन्न मालिका एकदम क्रमांक एकपासून नव्याने सुरू केल्या. पाटी पुसण्याला नवे लेखन म्हणण्याची ही रीत. याउलट एर्जे १९८३ साली वारले आणि त्यांच्या इच्छेनुसार टिनटिनच्या नव्या कथा थांबल्या. जपानात कोइके आणि कोजिमा यांनी आपल्या भटक्या सामुराई बापलेकांची हजारो पानांची कथा १९७० ते १९७६ या काळात सांगून संपविली. टिनटिन वयाने वाढला नाही, हे खरे. पण त्याच्यामागे एक माणूस होता आणि तो माणूस वाढत गेला, हे सुरुवातीचे आणि शेवटचे टिनटिन शेजारी ठेवले की कळते.

आता घराजवळ येऊ. 'बहादूर' हे पात्र आबिद सुरती यांनी १९७६ साली इंद्रजालसाठी निर्माण केले. डाकूचा मुलगा, कुडता आणि जीन घालणारा, गावकऱ्यांचे संरक्षक दल उभारणारा हा नायक चंबळच्या मातीतून आला होता. त्याच्याजवळ कोणतीही दैवी शक्ती नव्हती आणि त्याचा पहिला प्रश्न बापाविषयीचा होता. इतकी सशक्त सुरुवात भारतीय चित्रकथेत क्वचितच झाली असेल. पुढे लेखणी इतरांच्या हाती गेली, डाकूंची जागा नेहमीच्या तस्करांनी घेतली, आणि १९९० साली इंद्रजालच बंद पडले. बहादूरची कथा संपली नाही. तिचा छापखाना थांबला.

त्याच सुमारास राज कॉमिक्सचा उदय झाला. हिंदी प्रदेशातील एका पिढीला त्यांनी वाचायला लावले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. रुआबांध्याच्या मुलांना तरी मी या अंकांवरच हिंदी पक्के करताना पाहिले आहे. नागराज १९८६ चा. दहशतवाद्यांना भाड्याने देण्यासाठी घडविलेले हे जिवंत शस्त्र, आणि त्याला त्या दास्यातून सोडविणारे गोरक्षनाथ. ज्ञानेश्वर ज्या परंपरेचा वारसा सांगतात त्या नाथपंथाचा धागा अशा रीतीने एका चित्रकथेत आला होता. विषाने भरलेला देह आणि योग्याचे अनुशासन यांतून केवढे नाट्य उभे राहिले असते! पण गोरक्षनाथ जन्मकथेपुरते आले आणि शोभेपुरते राहिले. ध्रुव १९८७ चा, अनुपम सिन्हा यांचा. सर्कशीत वाढलेला, अलौकिक शक्ती नसलेला, बुद्धीवर भिस्त ठेवणारा. त्याच्या आरंभीच्या कथांत विज्ञानाचे कुतूहल खरोखर ताजे आहे. परंतु त्याचे राजनगर आणि नागराजाचे महानगर ही शहरे नकाशावर नाहीत, आणि नकाशावर नसलेल्या शहरात गिरणी बंद पडत नाही, पाण्याचा टँकर येत नाही, निवडणूक होत नाही. डोगा तेवढा खऱ्या मुंबईत वावरतो. १९९२-९३ ची होरपळ सोसलेल्या त्या शहरात कुत्र्याचा मुखवटा घातलेला, खटल्याविना गोळी घालणारा माणूस नायक व्हावा, ही घटना स्वतंत्र निबंधाची आहे. त्याला मारण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न दारात उभा होता. मालिकेने त्याला आत घेतले नाही. प्रेतांची संख्या तेवढी वाढत गेली. आणि या मुंबईत मराठी माणूस कुठे आहे, हे मी फार शोधले.

मराठी माणूस पानावर नव्हता. तो पानाच्या मागे होता. नागराजाच्या आरंभीच्या अनेक अंकांची चित्रे प्रताप मुळीक यांची आहेत. 'अमर चित्र कथे'ची असंख्य पाने ज्यांनी रंगविली, अमिताभ बच्चन यांना 'सुप्रीमो' या नावाने चित्रकथेचा नायक केले गेले तेव्हा ज्यांनी ती चित्रे काढली, तेच मुळीक. भोकालच्या चित्रांवर कदमांचे नाव आहे. अमर चित्र कथेतील राम वाईरकर आणि दिलीप कदम ही नावे तर सर्वपरिचित. हिंदी महानायकाचे स्नायू, त्याची झेप, त्याच्या पायाखालचा रस्ता यांतले कितीतरी मराठी हातांनी रेखाटलेले आहे. ज्या भाषेने हे हात दिले, तिने स्वतःचा एक टिकाऊ महानायक दिला नाही. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा जवळचा अपवाद. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेल्या या पोराजवळ सायकल, किडकिडीत शरीर आणि 'ट्टॉक' यांपलीकडे काही नव्हते. पण त्याला गाव होते. तो मात्र मुळात गद्यातला नायक.

मुंबईला अखेर महानायक मिळाला तो २००४ साली, आणि तोही उसना. स्पायडरमॅनची भारतीय आवृत्ती निघाली: पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, मेरी जेनची मीरा जैन, काका बेनचे भीमकाका. खेड्यातून मुंबईत शिकायला आलेल्या या मुलाला धोतर नेसविले आणि खलनायकाच्या अंगात राक्षस घातला की भारतीयत्व सिद्ध झाले, अशी समजूत. जीवन कांग यांचे रेखाटन देखणे आहे, यात वाद नाही. पण धोतर नेसलेल्या मुलाला मुंबईत पहिल्या दिवशी काय ऐकावे लागते, हे त्यात नाही. मूळ कथेचा सांगाडा मालकाने जपायला दिला होता आणि तो जपला गेला. २०२३ च्या अमेरिकन चित्रपटात हाच पवित्र पुन्हा भेटला. तेथे शहराचे नाव 'मुंबॅटन' आहे. निदान त्या नावात एक प्रामाणिकपणा आहे.

माझ्या या म्हणण्याला दोन बाजूंनी विरोध होईल. एक बाजू चाहत्यांची. जुने अंक आज जाड कागदावर, संग्राहकांसाठी म्हणून, पुन्हा निघत आहेत. चाळिशी ओलांडलेले गृहस्थ ते विकत घेतात आणि आपले बालपण परत आल्याचे सांगतात. त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याची माझी इच्छा नाही, पेटी मीही जपलीच आहे. परंतु ज्या प्रकाराचे मुख्य गिऱ्हाईक त्याचेच जुने वाचक होतात, त्याला आजचे दहा वर्षांचे मूल कोठून भेटणार? 'मुलांना तेच ते आवडते' असा युक्तिवाद हे लोक करतात. आवडते, खरे आहे. पण रात्री तीच गोष्ट पुन्हा मागणारे मूल मध्येच 'मग?' असे विचारते, आणि तेथे सांगणाऱ्याला काहीतरी नवे जोडावे लागते.

दुसरी बाजू आमची, समीक्षकांची, आणि तिच्यावर माझा राग अधिक आहे. आम्ही बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना उशिरा का होईना, लोकप्रिय साहित्य म्हणून कोपऱ्यात जागा दिली. चित्रकथेला तीही दिली नाही. ज्या लेखनाकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही, ते सुधारण्याचे कारण त्याच्या मालकाला उरत नाही. वाईट अंकाला वाईट म्हणणारा मराठी समीक्षक असता, तर चांगल्या अंकाखालचे चित्रकाराचे नावही कोणी वाचले असते.

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या संशोधन समितीवर मी होतो. एका विद्यार्थ्याने महाराष्ट्रातील चित्रकारांनी हिंदी महानायककथांसाठी केलेल्या कामावर प्रबंध लिहिण्याचा प्रस्ताव ठेवला. ते चित्रकार हयात असताना त्यांच्या मुलाखती घ्याव्यात, मूळ पाने कोठे आहेत ते शोधावे, अशी त्याची योजना होती. विषय वाङ्मयीन नाही, असे सदस्यांचे मत पडले. चर्चेला दहा मिनिटेही लागली नाहीत. विद्यार्थ्याला ऐतिहासिक कादंबरीवरचा एक विषय सुचविण्यात आला आणि त्याने तो मुकाट्याने घेतला. त्या इतिवृत्ताखाली पाच सह्या आहेत. तिसरी माझी आहे.